घर बसते तेव्हा : खचलेला पाया, झुकलेली जमीन आणि दुरुस्तीचा क्रम



पावसाळा सरून दसरा-दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की आपल्या मंडळात दरवर्षी एक विषय हमखास निघतो. "माजघराचा दरवाजा यंदा पुन्हा अडकतोय." "माडीवर कुणी चाललं की कपाटातल्या बरण्या वाजतात." "देवघराच्या कोपऱ्यातल्या लाद्या खाली गेल्यात, समई सरळ उभी राहत नाही." बोलणाऱ्यांत रावपुऱ्यातली, दांडिया बाजारातली, बाबाजीपुऱ्यातली जुनी घरे असलेली मंडळी असतात, तशी कारेलीबाग आणि मांजलपूरकडे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बंगले बांधलेलीही असतात.

मग सल्ले सुरू होतात, आणि ते दोनच प्रकारचे असतात. एक म्हणजे, "काही नाही हो, पुट्टी भरून रंग मारून घ्या." दुसरा म्हणजे, "आता पाडा आणि बिल्डरला द्या." दोन्ही सल्ले बहुधा घर न पाहता दिलेले असतात. पहिला ऐकून काही घरे खरोखरच धोकादायक होईपर्यंत रंगवली जातात. दुसरा ऐकून, दुरुस्त होण्यासारखी चांगली सागवानी घरे पाडली जातात. आपल्या बहुतेक घरांची स्थिती या दोन टोकांच्या मधली असते. या लेखात आम्ही त्या मधल्या घरांबद्दल लिहीत आहोत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. झुकलेली जमीन आणि भिंतीतली भेग हा आजार नसतो, ते आजाराचे लक्षण असते. म्हणून दुरुस्तीला क्रम असतो: आधी पाणी, मग मोजमाप, मग आधार, मग पाया किंवा तुळई, आणि सर्वांत शेवटी फरशी नि रंग. आपण नेमके उलटे करतो. फरशीपासून सुरुवात करतो, आणि दोन वर्षांनी तोच खर्च पुन्हा करतो.

आपली घरे कशी उभी आहेत

गायकवाडी अमदानीत आपले पूर्वज इथे आले आणि त्यांनी घरे बांधली, ती मराठी वाड्याची रीत आणि गुजराती सुताराचा हात यांच्या मेळातून. दगडी किंवा विटांचे जोते, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या, म्हणजे आपला कडीपाट. त्यावर मातीचा किंवा चुन्याचा थर. खांबांच्या मधल्या भागात चुन्यात बांधलेल्या विटा. अशा घराचा बराचसा भार लाकडी सांगाडा वाहतो, आणि ज्या भिंतीत तुळईची टोके घुसलेली असतात ती भिंतही त्यात वाटा उचलते.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मुलांना घेऊन तांबेकर वाड्यात जावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. लोक भिंतींवरची चित्रे पाहून परत येतात. आमची विनंती आहे, की एकदा मान वर करून तुळई खांबावर कुठे टेकते आणि भिंतीत कुठे शिरते तेही पाहावे. आपल्या घरातही दुखणे सुरू होते ते बहुधा त्याच दोन जागी.

सोसायट्यांतले बंगले वेगळे. तिथे विटांच्या भारवाहक भिंती, खाली फार खोल नसलेला पाया, वर सिमेंट काँक्रीटचा स्लॅब. तिथे लाकूड कुजत नाही, पण पायाखालची माती हलली तर विटांच्या भिंतीला ते सहन होत नाही. लाकडी सांगाडा थोडा वाकून सावरतो, विटांची भिंत तडकते. म्हणून जुना वाडा झुकलेला असूनही उभा असतो आणि नवा बंगला सरळ असूनही तडे दाखवतो. नुसत्या दिसण्यावरून निवाडा करू नये तो यासाठी.

लक्ष्मीविलासची गोष्ट

बडोदेकरांना ही गोष्ट ठाऊक आहेच. लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम १८७८ मध्ये मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर सुरू झाले. असे सांगतात, की आपले हिशेब चुकले आहेत आणि इमारत उभी राहणार नाही या भीतीने मँट यांना ग्रासले. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे रॉबर्ट चिझम यांनी काम हाती घेतले आणि १८९० मध्ये राजवाडा पूर्ण झाला. तो आजही उभा आहे.

या गोष्टीत आख्यायिकेचा भाग किती हे बाजूला ठेवू, पण तिच्यातला धडा आपल्या कामाचा आहे. घर पडेल की राहील हे भीती ठरवत नाही आणि भरवसाही ठरवत नाही. ते मोजून ठरवावे लागते.

घराखालची माती

वडोदऱ्याच्या पोटात एकसारखी माती नाही. कुठे नदीने आणून टाकलेला गाळ आणि रेती, कुठे चिकण काळी माती, तर कुठे जुनी तळी, खड्डे आणि विहिरी बुजवून केलेली भरावाची जमीन. दक्षिणेला भरूचच्या दिशेने जावे तसतसा कानम प्रदेशातल्या कपाशीच्या काळ्या मातीचा पट्टा लागतो.

ही काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि चैत्र-वैशाखात आकसून तडकते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आपण पाहिल्या आहेत, त्यांत हातभर काठी सहज जाते. तीच माती घराखाली असते. घराच्या मधोमध ती छपराखाली झाकलेली असल्याने ओलावा फारसा बदलत नाही. कडेच्या भिंतींखाली मात्र दरवर्षी ओली-सुकी होते. घराचा मध्य स्थिर आणि कडा वर-खाली, असा हा खेळ चालतो, आणि म्हणूनच पहिल्या भेगा कोपऱ्यांत येतात.

या मातीवर आपल्या देशात चांगले संशोधन झाले आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात काळ्या मातीसाठी तळाशी फुगा असलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडररीम्ड पाइल, विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात, कारण तिथवर पावसा-उन्हाचा परिणाम फारसा पोचत नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरुमी मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. नवे बांधकाम करणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी इंजिनिअरना आवर्जून विचाराव्यात. पाया घालताना होणारा हा खर्च पुढच्या दुरुस्तीपेक्षा नेहमीच कमी असतो.

दुसरी गोष्ट विश्वामित्रीची. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नदी पुन्हा शहरात शिरली. तेव्हा रस्त्यावर आलेल्या मगरींच्या गोष्टी आपण अजून सांगतो. पण घराच्या दृष्टीने खरा धोका पूर ओसरल्यानंतरचा असतो. पाणी उतरताना मातीतले बारीक कण सोबत नेते, भराव बसतो, फुटलेल्या गटारातून जोत्याखाली पोकळी होते. म्हणून पुराच्या वेळी ठीक असलेल्या घराला चार-सहा महिन्यांनी भेगा दिसल्या, तर नवल वाटू नये.

आधी पाणी

आमच्यापैकीच एका घरात घडलेली गोष्ट. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली जमीन दोन इंच खाली गेली. लाद्या काढून, खाली सिमेंटचा थर देऊन, नव्या लाद्या बसवल्या. दीड वर्षात कोपरा पुन्हा बसला. पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी एका जुन्या गवंड्याने लाद्यांना हातच लावला नाही. तो मागच्या बोळात गेला आणि मोरीच्या चेंबरचे झाकण उघडले. चेंबरचा तळ फुटला होता. कित्येक वर्षे मोरीचे पाणी थेट भिंतीखाली मुरत होते. चेंबरच्या दुरुस्तीचा खर्च एकदाच्या लाद्यांच्या खर्चाच्या पासंगालाही नव्हता. दोनदा केलेला खर्च मात्र गेला तो गेलाच.

म्हणून कोणालाही बोलावण्याआधी ही तपासणी आपण स्वतः करावी:

- रात्री सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. सकाळपर्यंत कोणी पाणी वापरले नसताना आकडा पुढे गेला, तर कुठेतरी गळती आहे.
- मोरी आणि संडासाच्या चेंबरचे बाहेर जाणारे तोंड बोळ्याने बंद करून पाणी भरावे. तासाभरात पातळी उतरली तर चेंबर गळते आहे.
- भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पन्हळीचे पाणी नेमके कुठे पडते, कुठे साचते ते पाहावे. उन्हाळ्यात हे कळत नाही.
- घराभोवती किमान तीन फूट रुंदीचा पक्का, बाहेरच्या बाजूला उतार असलेला पट्टा असावा. झाडांना घातलेले पाणी जोत्याशी मुरू देऊ नये.
- भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच मुळासकट काढावे. पण काळ्या मातीवर घराजवळचे मोठे जुने झाड एकाएकी तोडू नये. झाड शोषत असलेले पाणी मातीत राहून ती फुगते आणि जमीन उलटी वर येते. याबाबत आधी जाणकाराला विचारावे.
- घरात किंवा परसात बुजवलेली विहीर वा टाके असल्यास घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तिची जागा समजून घ्यावी आणि लिहून ठेवावी. ही माहिती कोणत्याही नकाशात नसते, ती आजी-आजोबांबरोबर निघून जाते.

कित्येक घरांत एवढे केल्यावर वर्षभरात हालचाल थांबते.

मग मोजमाप : भेगा वाचायच्या कशा

प्रत्येक भेग पायाची नसते. गिलाव्यावरचे केसाएवढे जाळे बहुधा गिलावा सुकतानाचे असते. जुन्या घराला जोडून नवी खोली काढली असेल तर सांध्यावर सरळ उभी भेग येते, कारण दोन्ही पाये वेगवेगळे बसतात. स्लॅब आणि भिंत यांच्या मधली आडवी रेघ बऱ्याचदा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते.

लक्ष द्यायचे ते खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या तिरक्या भेगेकडे. ती वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर बहुधा भिंतीचे टोक किंवा कोपरा खाली जातो आहे. खाली रुंद असेल तर भिंतीचा मधला भाग बसतो आहे. भेग भिंतीच्या आरपार आहे का, हे दुसऱ्या बाजूने पाहावे.

रुंदीचा ढोबळ अंदाज असा. १ मिलिमीटरपर्यंत नुसते लक्ष ठेवावे. १ ते ५ मिलिमीटरला कारण शोधावे आणि नोंद ठेवावी. ५ च्या पुढे इंजिनिअरना दाखवावे. १५ च्या पुढे, म्हणजे करंगळी आत जाऊ लागली, तर वाट पाहू नये.

पण रुंदीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, भेग अजून हलते आहे का? त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने घट्ट चिकटवावीत आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. किंवा भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून दर महिन्याच्या एक तारखेला दोन्हींमधले अंतर मोजावे. पूर्ण वर्षाची नोंद ठेवावी. मे महिन्यात वाढणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग काळ्या मातीचे श्वास दाखवते. ऋतू कोणताही असो, सतत वाढतच जाणारी भेग पाया खचत असल्याचे सांगते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि हे वर्षभराच्या वहीशिवाय मोठ्यातल्या मोठ्या तज्ज्ञालाही सांगणे अवघड आहे.

जमिनीसाठी गवंड्याकडची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. खोलीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यावर पातळी घेऊन कागदावर मांडावी. खांब सरळ आहे की नाही ते ओळंब्याने पाहावे.

माडीची झुकलेली जमीन

लाकडी माडी झुकण्याची कारणे साधारण चार.

पहिले, तुळईचे भिंतीत घुसलेले टोक कुजणे. चुन्याची भिंत ओल आत घेते तशी बाहेरही टाकते. तिच्यावर आपण सिमेंटचा कडक गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि तुळईचे टोक आतून भुसभुशीत होते. बाहेरून रंगवलेली तुळई धडधाकट दिसते. स्क्रूड्रायव्हरचे टोक भिंतीलगत दाबून पाहावे. ते सहज आत गेले तर लाकूड गेलेले आहे.

दुसरे, वाळवी, म्हणजे इथली मंडळी म्हणतात ती उधई. ठोकल्यावर पोकळ आवाज आणि भिंतीवर मातीच्या नळ्या, या तिच्या खुणा.

तिसरे, वाढवलेले वजन. हे आपले स्वतःचे कर्तृत्व. दहा बाय बाराच्या खोलीत कडीपाटावर दोन इंच मसाला आणि एक इंच कोटा फरशी बसवली, की जवळपास दोन टन वजन कायमचे वाढते. राहत्या खोलीत माणसे आणि सामान यांचा मिळून जेवढा भार हिशेबात धरतात, त्याच्या बरोबरीला येणारा हा बोजा आहे. हजार लिटरची टाकी भरली की आणखी एक टन.

चौथे, छाटाछाट. जिना हलवताना, माडीवर न्हाणीघर काढताना किंवा पाइप नेताना कडी किंवा तुळई मध्येच कापलेली असते. खालचा एखादा खांब "अडचण होते" म्हणून काढलेला असतो.

दुरुस्ती करताना पहिले काम टेकू देण्याचे. टेकूचा भार थेट पक्क्या जमिनीपर्यंत गेला पाहिजे. दुसऱ्या माडीच्या तुळईला टेकू दिला आणि तो पहिल्या माडीच्या फळीवर उभा केला, तर एक दुखणे खाली सरकवले एवढेच. टेकूखाली टेकू हवा आणि सगळ्यांत खाली जाड फळ्यांची रुंद बैठक हवी.

नंतर जॅकने उचलणे. इथे घाई करू नये. दिवसाला एक-दोन मिलिमीटर, मग थांबायचे, भिंती पाहायच्या, दुसऱ्या दिवशी पुढे. पन्नास-शंभर वर्षांत वाकलेले लाकूड एका दुपारी सरळ केले तर वरच्या भिंती तडकतात. आणि पूर्ण सरळ करण्याचा हट्टही धरू नये. पिसाचा झुकता मनोरा १९९० मध्ये बंद केला होता. ज्या बाजूला तो झुकला नव्हता तिथली माती हळूहळू काढून त्याचे टोक सुमारे ४० सेंटीमीटर मागे आणले, आणि डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. सरळ करायचे नव्हते, सुरक्षित करायचे होते. आपल्या माडीचेही तेच धोरण ठेवावे. उरलेला उतार लाकडी पाचरी देऊन वरच्या फळ्यांत सांभाळता येतो, त्यासाठी सिमेंटचा जाड थर ओतू नये.

तुळई मधून चांगली असेल आणि फक्त टोक गेले असेल, तर संपूर्ण तुळई बदलण्याची गरज नसते. कुजलेला भाग कापून नवा सागवानी तुकडा सांध्यात बोल्टने जोडता येतो, किंवा लोखंडी बूट बसवता येतो. तुळई कमकुवत असल्यास दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल किंवा नवी लाकडी जोडतुळई लावतात. टोक भिंतीत परत बसवताना खाली दगडी पाट द्यावा, बाजूंना हवेसाठी बोटभर जागा सोडावी आणि लाकडाला वाळवीनाशक लावावे. पाडलेल्या घरांचे जुने सागवान मिळते, तेही चांगले, मात्र खिळे आणि वाळवी पाहून घ्यावे.

तळमजल्याची बसलेली जमीन

तळमजल्याच्या लाद्या बसल्या म्हणजे पाया खचला असे नाही. बहुतेक वेळा भिंती जागच्या जागी असतात आणि जोत्यातला भराव बसलेला असतो. बांधतानाच माती नीट धुमसलेली नसते, उंदरांनी बिळे केलेली असतात किंवा नळ गळत असतो. भिंतीच्या तळाला सगळीकडे सारखी फट दिसत असेल आणि भिंतीत तिरक्या भेगा नसतील, तर हाच प्रकार समजावा.

उपाय साधा आहे, पण त्यात पळवाट नाही. गळती बंद करायची, लाद्या आणि खालचा थर काढायचा, सैल माती उपसायची, मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकायचा. प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारून धुमसायचे, पाया-वाळवीचे औषध मारायचे, काँक्रीट घालायचे आणि मग लाद्या. एकदम दोन फूट माती ओतून वर पाणी सोडले तर ती पुन्हा बसणारच.

पाया खरोखर खचला असेल तर

पाणी बंद केले, वर्षभर मोजले, आणि तरीही भिंत खाली जाते आहे, तर जुन्या पायाखाली नवा पाया द्यावा लागतो. हे काम इंजिनिअरच्या आराखड्यावर आणि देखरेखीखालीच करायचे. तरी त्याची रीत घरच्यांना माहीत असावी, म्हणजे चूक होताना ती ओळखता येईल.

भिंतीची तीन-चार फुटांच्या भागांत विभागणी करतात आणि भागांना क्रमांक देतात. आधी १, ४, ७ खणायचे. तिथे नवे काँक्रीट भरून ते पक्के होऊ द्यायचे. वरच्या जुन्या पायाशी राहिलेली फट कोरड्यासर मसाल्याने ठासून भरायची. मग २, ५, ८, आणि शेवटी ३, ६, ९. दोन शेजारचे भाग एकाच वेळी कधीही खणायचे नाहीत. कोणी "एका दिवसात सगळी भिंत मोकळी करून टाकतो" म्हणाला, तर त्याला नम्रपणे परत पाठवावे. आणि हे काम पावसाळ्यात करू नये. दिवाळीनंतर सुरू करून मे अखेरपर्यंत संपवावे.

जागा अरुंद असेल किंवा चांगली माती खूप खोल असेल, तर बारीक पाइल घालूनही आधार देता येतो. भिंतीतल्या भेगा भरायच्या त्या हे सगळे झाल्यानंतर, आणि चुन्याच्या भिंतीत चुन्याच्याच मसाल्याने.

कधी थांबायचे नाही

काही खुणा दिसल्या तर वही, मोजमाप सारे बाजूला ठेवून माणसे बाहेर काढावीत: भिंत पोट काढू लागली, काही तासांत किंवा एका पावसात भेग झपाट्याने वाढली, लाकडाचा कडकड आवाज येऊन माती गळू लागली, तुळई खांबावरून सरकलेली दिसली, एकाच वेळी अनेक दारे-खिडक्या अडकल्या. अशा वेळी भांडी-दागिने आवरण्यात वेळ घालवू नये. २६ जानेवारी २००१ चा भूकंप आपल्यातल्या बऱ्याच जणांनी अनुभवला आहे. वडोदरा भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. कमकुवत झालेली तुळई रोजचा भार कसाबसा पेलते, हादरा पेलत नाही.

काम देताना

महानगरपालिकेची मान्यता असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना आधी फी देऊन लेखी अहवाल घ्यावा. ज्याला काम करायचे आहे, त्याच्याकडूनच फुकट निदान घेऊ नये. आपल्या शहरात १८९० च्या कलाभवनापासून चालत आलेली अभियांत्रिकीची परंपरा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले अनेक जाणते इंजिनिअर इथे आहेत, आणि आपल्या सभासदांतही आहेत. ठेकेदाराला तीन प्रश्न विचारावेत: कारण काय आहे? टेकू कुठे आणि कसे देणार? काम चालू असताना हालचाल कशी मोजणार? नुसता चौरस फुटाचा दर सांगणाऱ्याला पहिला प्रश्न पुन्हा विचारावा.

मोठ्या दुरुस्तीआधी परवानगीची चौकशी वॉर्ड कार्यालयात करावी. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांना आणि घरात भाडेकरू असतील तर त्यांना विश्वासात घ्यावे. शेजारचे घर पाडले जाणार असेल, तर आधीच आपल्या घराचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत आणि आपल्या भिंतीला आधार देण्याची लेखी हमी मागावी. एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या घरांतले एक काढले, की दुसऱ्याला ते कळतेच.

शेवटी, सर्वांत अवघड गोष्ट घरातल्या माणसांची असते. एक भाऊ इथे, एक पुण्यात, मुले परदेशात. घर कोणाचे आणि खर्च कोणी करायचा, हे ठरत नाही. तोवर चेंबर गळतच राहते. वाटणी व्हायची तेव्हा होईल. पन्हळ नीट करणे, चेंबर बदलणे आणि एक टेकू देणे एवढ्यासाठी तरी सर्वांनी एकत्र यावे. विकायचे ठरले तरी उभ्या घराला किंमत असते, आणि राखायचे ठरले तर राखण्यासारखे काही उरलेले असते.

येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक सभासदाने एक वही घालावी, घराभोवती एक फेरी मारावी आणि पहिली तारीख भिंतीवर लिहावी, एवढीच आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी असे काम झाले आहे त्यांनी आपला अनुभव आणि चांगल्या सुतार-गवंड्यांची माहिती मंडळाकडे जरूर द्यावी. दुसऱ्या कुणाची लाद्यांची दुसरी खेप वाचेल.